सत्तर-ऐंशी हजारांचा गेमिंग लॅपटॉप: ३०५०, ४०५० की ५०५०?

बारावीनंतर इंजिनीअरिंगला किंवा बीसीएला प्रवेश झाला आहे, लॅपटॉप घ्यायचा आहे. दिवसा त्यावर अभ्यास व्हायला हवा आणि रात्री हॉस्टेलवर मित्रांसोबत गेमही चालायला हवा. घरून मिळणारे पैसे साठ ते नव्वद हजारांच्या आत. हा आढावा या बजेटसाठी आहे. इथे प्रामुख्याने एनव्हिडिया कंपनीची तीन ग्राफिक्स कार्डं (गेमचं चित्र काढणारी चिप) समोर येतात: आरटीएक्स ३०५० (६ जीबी), ४०५० (६ जीबी) आणि ५०५० (८ जीबी).

त्याखालचं २०५० मी आत्ताच बाजूला काढतो. नावात आरटीएक्स आहे, पण मेमरी फक्त ४ जीबी आणि तीही ६४ बिटच्या अरुंद वाटेने जोडलेली. पन्नास हजारांच्या आसपासच्या लॅपटॉपात ते दिसलं की मोह होतो. फक्त व्हॅलोरंट आणि जुना जीटीए ५ खेळायचा असेल तर चालेल. चार वर्षं वापरायचा लॅपटॉप म्हणून मी ते कुणालाच घ्यायला सांगणार नाही. जुनं ४ जीबीवालं ३०५० अजूनही कुठे कुठे विकलं जातं, त्याचंही तेच.

कोअर तेवढेच, मग पैसे कशाचे?

६ जीबीचं ३०५०, ४०५० आणि ५०५० या तिन्ही लॅपटॉप-कार्डांत कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग) अगदी सारखे आहेत, २५६०. फक्त तो आकडा पाहिला तर जास्त पैसे कशाला द्यायचे, असंच वाटेल. खरा फरक चिप कशी बनली आहे त्यात आहे. ३०५० ची चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवर बनलेली आहे, ४०५० ची टीएसएमसीच्या बऱ्याच पुढच्या तंत्रावर. त्यामुळे तेवढ्याच विजेत ४०५० खूप जास्त वेगाने धावतं. शिवाय त्याच्यात कॅशे (चिपच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी) कित्येक पट मोठी आहे, म्हणून ९६ बिटची मेमरी असूनही ते फारसं अडखळत नाही.

व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ अशा स्पर्धेच्या गेममध्ये तिन्ही कार्डं पुरेशी आहेत. व्हॅलोरंट तर ३०५० वरही १४४ हर्ट्‌झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या) स्क्रीनला पुरून उरतो. हेच खेळायचे असतील आणि पुढेही हेच खेळणार असाल, तर ४०५० साठी जास्तीचे दहा-पंधरा हजार घालू नका. ते पैसे रॅम आणि स्क्रीनमध्ये घाला.

सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, रेड डेड रिडेम्प्शन २ अशा मोठ्या गेमांत मात्र ३०५० आणि ४०५० मधली दरी उघडी पडते. सायबरपंक ४०५० वर हाय सेटिंगला डीएलएसएस लावून छान गुळगुळीत चालतो, ३०५० वर मिडियमवर उतरावं लागतं. डीएलएसएसचं मूळ काम, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणं, हे ३०५० वरही होतं. फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या, म्हणजे चित्रांच्या, मध्ये बनावट फ्रेम घालणं) मात्र ४०५० पासून पुढे मिळतं, आणि ५०५० वर एका खऱ्या फ्रेममागे अनेक बनावट फ्रेम घालता येतात. यातून फुगणाऱ्या आकड्यांवर कंपन्या जाहिराती करतात, म्हणून एक लक्षात ठेवा: मूळचे फ्रेम सेकंदाला पन्नास-साठ असतील तरच ही सोय उपयोगाची. मूळचे पंचवीस असतील तर स्क्रीनवर आकडा शंभर दिसेल, पण माऊस हलवल्यावर हात जडच वाटेल.

५०५० चं खरं मोल त्याच्या ८ जीबी मेमरीत आहे. नव्या गेमांना मेमरी फार लागायला लागली आहे. २०२५ मध्ये आलेल्या 'डूम: द डार्क एजेस'ने तर किमान गरज म्हणूनच रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून खरीखुरी उजेड-सावली दाखवणं) जमणारं ८ जीबीचं कार्ड लिहिलं. ६ जीबीवर टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा बारीक तपशील) खाली आणून गेम चालवता येतात, आजही लोक चालवतात, पण तीन वर्षांनी हीच मेमरी आधी तोकडी पडणार. ज्यांची शाखा एआय किंवा डेटा सायन्स आहे, त्यांना छोटी मॉडेल स्वतःच्या लॅपटॉपवर चालवतानाही वरचे २ जीबी जाणवतील. म्हणून ४०५० आणि ५०५० मध्ये पाच-सात हजारांचाच फरक असेल तर मी डोळे मिटून ५०५० घेईन. फरक पंधरा हजारांवर गेला, तर ४०५० घेऊन समाधानाने खेळेन.

वॅट विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

दुकानदार ही गोष्ट सहसा आपणहून सांगत नाही. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपांत वेगवेगळ्या ताकदीने बसवलेलं असतं. ४०५० ला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत वीज देण्याची मुभा एनव्हिडियाने कंपन्यांना दिली आहे. एमएसआय सायबॉर्ग १५ मध्ये ते ४५ वॅटवर चालतं, लेनोवो लॉकमध्ये नव्वदच्या वर. नाव तेच, खोक्यावरचं स्टिकर तेच, पण मोठ्या गेममध्ये दोघांत एका पिढीएवढं अंतर पडू शकतं. सायबॉर्ग वाईट नाही. तो दोन किलोच्या आत बसतो आणि रोज पाठीवर टाकून लोकलने जाणाऱ्याला त्याचं मोल कळेल. फक्त आपण काय देऊन काय घेतोय, हे माहीत असायला हवं.

उलट बाजूही आहे. काही लॅपटॉपांवर ४०५० पुढे '१४० वॅटपर्यंत' (११५ आणि वर प्रोसेसरच्या वाट्याची वळवलेली वीज) असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका. या कार्डाचा वेग शंभर वॅटच्या आसपास जवळपास थांबतो. १४० वाल्याला ९५ वाल्यापेक्षा दहा हजार जास्त देण्यात अर्थ नाही.

हा आकडा दुकानात उभ्या उभ्या पाहता येतो. डेमोचा लॅपटॉप चालू करा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघडा, हेल्पमधून सिस्टिम इन्फर्मेशनवर जा. तिथल्या यादीत कार्डाची कमाल वीज वॅटमध्ये लिहिलेली असते. ऑनलाइन घेत असाल तर कंपनीच्या स्वतःच्या साइटवर 'टीजीपी' (कार्डाला मिळणारी एकूण वीज) शोधा. आकडाच दिलेला नसेल, तर तो कमी आहे असं धरून चाला.

प्रोसेसरच्या नावातली गंमत

या बजेटमध्ये गेम अडतो तो बहुतेक वेळा कार्डाशी, प्रोसेसरशी नाही. आय ७ साठी ओढाताण करू नका. पण नावं नीट वाचा. इंटेलच्या आय ५-१२४५०एच आणि आय ५-१३४२०एच मध्ये पिढी बदललेली दिसते, आत मात्र दोन्हीकडे चार मोठे आणि चार छोटे कोअर. आय ५-१३४५०एचएक्समध्ये सहा मोठे आणि चार छोटे, तो खरोखर वरचा. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा: ७५३५ मधला ३ म्हणजे झेन ३+ ही जुनी पिढी, ७८४० मधला ४ म्हणजे झेन ४ ही नंतरची.

रायझन ७ ७४३५एचएसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण स्वस्त ४०५० लॅपटॉपांत तो वारंवार दिसतो. आठ कोअर, सोळा थ्रेड, गेमसाठी उत्तम. पण त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स नाहीच. त्यामुळे तुम्ही वर्गात नुसती पीडीएफ उघडून बसलात तरी एनव्हिडियाचं कार्ड जागंच असतं आणि बॅटरी भराभर उतरते. लॅपटॉप हॉस्टेलच्या टेबलावरच राहणार असेल तर निवांत घ्या, पैसे वाचतील. सकाळी नऊ ते चार कॉलेजात प्लगविना वापरायचा असेल तर घेऊ नका.

रॅम आणि स्क्रीन

१६ जीबी रॅम हवीच, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत असली तर उत्तम. कारण दोन पट्ट्या एकाच वेळी काम करतात आणि गेममधले अचानक बसणारे झटके कमी होतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडलं की खाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. 'आता ८ घे, पुढे ८ टाकू' हा सल्ला पूर्वी मीही द्यायचो, कारण रॅम स्वस्त होती. २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव चढले आणि ते गणित बिघडलं. आता खोक्यातच १६ जीबी मिळत असेल तर तीच घ्या.

स्क्रीनच्या बाबतीत सगळे १४४ हर्ट्‌झवर खूश होतात आणि रंग बघायला विसरतात. स्वस्त मॉडेलांत '४५ टक्के एनटीएससी' (रंग मोजायचं एक माप) लिहिलेलं पॅनल असतं, म्हणजे एसआरजीबी या संगणकाच्या स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या मापाच्या मानाने जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग. अशा स्क्रीनवर गणपतीच्या मिरवणुकीचा फोटो उघडला तर गुलाल फिकट दिसतो आणि जास्वंद विटकरी. फक्त गेम आणि कोडिंग असेल तर सवय होते. व्हिडिओ एडिटिंग, डिझाइन, आर्किटेक्चर असेल तर १०० टक्के एसआरजीबीशिवाय घेऊच नका. एकाच नावाच्या मॉडेलात दोन्ही प्रकारची पॅनलं येतात, म्हणून नावावर विसंबू नका. मागचा पूर्ण पार्ट नंबर टाकून शोधा.

आपल्याकडचा उन्हाळा

परदेशी रिव्ह्यूत लॅपटॉप तपासलेले असतात ते गार खोल्यांत. नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हॉस्टेलच्या खोलीत एसी नसतो. इंटेलचे हे प्रोसेसर १०० अंशांना आणि रायझन ९५ ते १०० अंशांना पोहोचले की स्वतःहून वेग कमी करतात. त्यामुळे विदर्भ-खानदेशातल्या मुलांना मी जाड बांध्याचा, मागे आणि बाजूला मोठ्या जाळ्या असलेला लॅपटॉप सुचवतो. लेनोवोचा लॉक, एचपीचा व्हिक्टस, असुसचा टफ या घराण्यातले. सव्वादोन-अडीच किलो वजन भरतं, चार्जर वेगळा, पण दुपारी तीन वाजता तो दम टाकत नाही. गादीवर किंवा उशीवर ठेवून खेळू नका, खालून हवाच ओढली जात नाही. गेममध्ये फ्रेम साठवर बांधून टाकले तरी उष्णता बरीच उतरते.

चार्जरही पाहून घ्या. काही मॉडेलांसोबत येणाऱ्या वायरीला १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग असतो, फ्रिज-गिझरला असतो तसा. हॉस्टेलच्या टेबलापाशी सहसा ६ अँपिअरचाच सॉकेट मिळतो आणि पहिल्याच रात्री मुलगा अडकतो. खोकं उघडल्यावर आधी प्लग बघा आणि दुसरी वायर लागणार असेल तर कंपनीलाच विचारून त्याच क्षमतेची चांगली घ्या. दहा रुपयांचा कन्व्हर्टर लावून दोनशे वॅटचा चार्जर तासन्‌तास चालवणं धोक्याचं आहे.

मग कुणी काय घ्यावं

घरीच राहून शिकणार असाल तर याच पैशांत डेस्कटॉप जास्त वेगवान येतो आणि पुढे वाढवताही येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारून कोटेशन घ्या. लॅपटॉपच हवा आणि बजेट साठ-पासष्टला थांबतंय, तर ६ जीबीचं ३०५०, १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी स्क्रीन. पंच्याहत्तर-ऐंशीपर्यंत ताण बसत असेल तर नव्वद वॅटच्या आसपासचं ४०५०, सोबत स्वतःचं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर. माझ्या मते या पट्ट्यातला सगळ्यात समतोल सौदा हाच. नव्वदच्या जवळ जात असाल तर ८ जीबीचं ५०५०, आणि सेलमध्ये ४०६० (४०५० च्या वरचं कार्ड) त्याच भावात सापडलं तर वॅट बघून तेही. जीटीए ६ साठी म्हणून कुणी महागडं घेत असेल तर थांबा. तो जाहीर झाला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीजसाठी.

तालुक्याच्या गावी राहत असाल तर ऑर्डर देण्याआधी तुमच्या पिनकोडवर ऑनसाइट सर्व्हिस येते का, हे कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून विचारा. घरी येऊन दुरुस्ती होणार नसेल तर मदरबोर्ड गेल्यावर लॅपटॉप पुण्याला किंवा नाशिकला कुरिअर करून वाट बघत बसावं लागतं, नेमकं सबमिशनच्या आठवड्यात. ऑनलाइन घेताना ओपन बॉक्स डिलिव्हरी (आणणाऱ्यासमोरच खोकं उघडून बघण्याची सोय) निवडा, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत एक मोठा गेम सलग दोन तास चालवून बघा. पंख्याचा खरखराट, स्क्रीनच्या कडेने येणारा उजेड, मृत पिक्सेल, सगळं त्याच दिवसांत तपासा. सीरियल नंबर साइटवर टाकून वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू झाली आहे ना, तेही बघा. आधीची तारीख दिसली तर बिल जोडून लगेच दुरुस्त करून घ्या.