मोंढ्यातल्या सॉफ्टवेअरची देखभाल: बॅश, पॉवरशेल की पायथन?

आडतीचा हिशोब लातूरच्या मोंढ्यात उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर, आणि औसा-उदगीरच्या काउंटरवर विंडोज १०. रात्रीचा बॅकअप, शेतकऱ्यांच्या पट्ट्यांची सीएसव्ही, जुन्या लॉगची सफाई दोन्हीकडे एकाच स्क्रिप्टने करायची असेल तर बॅश, पॉवरशेल आणि पायथन या तीन स्क्रिप्टिंग भाषा बहुधा समोर येतात.

सर्व्हरपुरतं बॅश पुरेसं आहे. विंडोजवर गिट बॅशमधून (गिटसोबत येणारं विंडोजवरचं बॅश) चालवलं की स्लॅशने सुरू होणारा पर्याय ते परस्पर विंडोजचा पाथ करून टाकतं. शिवाय नोटपॅडमध्ये नव्याने केलेली फाइल सर्व्हरवर ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडते, कारण ओळीच्या शेवटी सीआर (विंडोज लावतं ते न दिसणारं जादा चिन्ह) चिकटलेला असतो.

विंडोजच्या सर्व्हिसेस, रजिस्ट्री, इव्हेंट लॉग यांत पॉवरशेलचा हात कुणी धरू शकत नाही. लिनक्सवर मात्र त्याच्या सर्व्हिसच्या कमांड नाहीतच. पण माझा निर्णय पायथनच्या बाजूने झाला तो देवनागरीवरून. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ बीओएम (फाइलच्या सुरुवातीची, एन्कोडिंग म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत ओळखायची खूण) नसलेली यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारं एन्कोडिंग) स्क्रिप्ट एएनएसआय (विंडोजचं जुनं एन्कोडिंग) समजून वाचतं, म्हणजे आतली मराठी मजकुराची ओळ बिघडते. बीओएम घातला तर लिनक्सवर पहिली शेबँग ओळ (स्क्रिप्ट कशाने चालवायची ते सांगणारी) ओळखली जात नाही. त्याहून वाईट म्हणजे एन्कोडिंग न सांगता ‘सेट-कंटेंट’ या कमांडने फाइल लिहिली, की इंग्रजी लोकेलच्या (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगच्या) मशिनवर ‘लक्ष्मण’च्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात आणि एररही येत नाही. पट्टीवरचं नाव गेलं, हे कळतं ते शेतकरी काउंटरवर आल्यावर. पॉवरशेल ७ मध्ये हे सुधारलंय, पण त्याचं पॅकेज १०० एमबीच्या आसपास आहे आणि ते प्रत्येक काउंटरवर पोचवायला हवं.

पायथन या बाबतीत निर्दोष आहे असं नाही. अशाच इंग्रजी विंडोजवर फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ला एन्कोडिंग दिलं नाही तर ३.१४ पर्यंतचं पायथनही सीपी१२५२ (देवनागरी नसलेलं जुनं विंडोज एन्कोडिंग) धरतं. मात्र लिहिताना देवनागरी आली की ते तिथेच एरर देऊन थांबतं, आणि बिलाच्या कामात मला हे थांबणं फार मोलाचं वाटतं. वाचताना थोडी फट आहे: ‘लक्ष्मण’मधल्या हलंताच्या बाइटवर ते अडतं, ‘महादेव’ मात्र कचरा होऊन आत जातो. म्हणून प्रत्येक ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहायचंच. एक्सेलमध्ये उघडायच्या सीएसव्हीसाठी यूटीएफ-८-सिग (म्हणजे बीओएमसह यूटीएफ-८), नाहीतर डबल क्लिकवर अक्षरं फुटतात.

विंडोजसाठी पायथनची एम्बेडेबल झिप (इन्स्टॉलरशिवाय चालणारी छोटी आवृत्ती) साधारण १० एमबीची असते. पेनड्राइव्हवरून फोल्डर टाकलं की झालं, इन्स्टॉल करायला नको. त्यात पिप (बाहेरच्या लायब्ररी आणणारं साधन) नसतं, म्हणून बाहेरची लायब्ररी टाळून पायथनसोबतच येणाऱ्या पाथलिब, झिपफाइल, एसक्यूलाइट३ यांवरच भागवावं. एसक्यूलाइटची (एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) चालू फाइल कॉपी करू नये, ‘बॅकअप’ मेथड वापरावी. कॉपी होत असताना कुणी पट्टी नोंदवली तर प्रत अर्धवट निघू शकते.

सर्व्हिस बंद-चालू करण्यापुरती पॉवरशेलची एक ओळ पायथनमधूनच बोलवता येते. सगळीच मशिन विंडोजची असतील आणि लिनक्स येण्याची शक्यता नसेल, तर मात्र पॉवरशेल ७ घ्यायला माझी हरकत नाही.