एमजीबीचं इंजिन १७९८ वरून १८६८ सीसी करून घेतलं: वर्षभर चालवल्यानंतर

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिनावर पैसे घालायला निघाला असाल तर आधी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या भागाची, कॅप काढा आणि आत फिरणारा रोटर हातात घेऊन नीट बघा. वरची पितळी पट्टी रिव्हेट मारून बसवलेली दिसली तर तो रोटर आजच बदला. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण बाकीचं काम अप्रतिम झालंय आणि एवढ्याशा तुकड्याने मला भर पावसात घाटात बसवलं.

गाडी १९७० ची रोडस्टर, एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्ब्युरेटर असलेली. इंग्लंडमध्ये डर्बीला राहायला आल्यापासून तिचं सगळं काम एकाच मेकॅनिकांकडे. सत्तरीच्या पुढचे गृहस्थ आहेत, इंजिन स्वतः एकटेच बांधतात. मोजलेलं प्रत्येक माप मास्किंग टेपवर लिहून त्या त्या पार्टला चिकटवतात आणि हिशेब सांगण्याआधी गिऱ्हाइकाला बोलावून दाखवतात. माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो यामुळेच.

इंजिन थकलं होतं. निळा धूर, तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी, आणि गाडी तापली की ऑइल प्रेशरचा काटा खाली. खोलायचंच आहे तर ताकद वाढवून बांधू, असं माझ्या मनात होतं. व्ही-८ बसवायचाही विषय मी काढला. कारखान्याने १९७३ ते १९७६ मध्ये ३५२८ सीसीची एमजीबी जीटी व्ही-८ काढली होतीच, जेमतेम २५९१ गाड्या. मेकॅनिकांनी सरळ नाही म्हटलं. एवढ्या मोठ्या इंजिनामागे गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर सगळंच बदलत जावं लागतं आणि शेवटी हाती वेगळीच गाडी येते, असं त्यांचं म्हणणं. गाडीचं मूळ बी-सिरीज इंजिनच नीट बांधू, यावर ठरलं.

बी-सिरीज म्हणजे आपल्या ओळखीचं इंजिन. अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच घराण्यातलं. त्यामुळे अँबॅसडरचं हेड उतरवलेलं ज्याने पाहिलंय त्याला हे इंजिन परकं वाटणार नाही.

ब्लॉकला ६० थाऊ (इंचाचे साठ हजारांश) बोअरिंग, नवे पिस्टन, क्रँकला ग्राइंडिंग, सगळी बेअरिंग नवी, फास्ट रोड कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, ताकदीसाठीचा) आणि त्याच्या जोडीचे नवे टॅपेट. पण खरा पैसा आणि खरं कसब हेडमध्ये गेलं. या हेडला इनलेटची फक्त दोन पोर्ट असतात, एकेक दोन-दोन सिलिंडरांत वाटलेलं, आणि मधल्या दोन सिलिंडरांचं एक्झॉस्टही एकाच वाटेने जातं. सीसी कितीही वाढवा, हवा तिथेच अडते. त्यांनी पोर्ट हाताने घासून मोकळी केली, मोठे इनलेट व्हॉल्व्ह बसवले आणि एक्झॉस्टला कडक सीट घातल्या. इथे १९९९ च्या अखेरीस शिशाचं पेट्रोल बंद झालं. मूळ सीट त्या पेट्रोलच्या भरवशावर टिकत होत्या, त्यामुळे हे काम कधीतरी करावंच लागणार होतं. कॉम्प्रेशन रेशो ८.८ वरून साडेनऊवर नेलं. सगळा खर्च साडेचार हजार पौंडांच्या घरात. माझ्यासारख्या हात राखून खर्च करणाऱ्याला ही रक्कम फार मोठी आहे, आणि तरीही हेडवरचा एकही पौंड मला जास्त वाटत नाही. बोअरिंगने वाढलेले ७० सीसी एकटे असते तर कळलेही नसते.

पहिले काही आठवडे मात्र मी नाराज होतो. गाडी स्लोवर थरथरायची. मूळ कॅमवर मिनिटाला आठशे फेऱ्यांवर शांत उभी राहणारी गाडी आता हजारावर ठेवली तरी स्टीअरिंग हलवायची, आणि सिग्नलला थांबलं की बंद पडेल की काय अशी धास्ती. तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी साधाच कॅम ठेवा म्हटलं असतं. रनिंग-इन झाल्यावर मेकॅनिकांनी हेड ठरलेल्या जोराने पुन्हा आवळलं, टॅपेट जुळवले आणि डिस्ट्रिब्युटर काढून आतल्या स्प्रिंग बदलल्या. मूळ अ‍ॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) जुन्या कॅमच्या हिशेबाने होता, नव्या कॅमला खालच्या फेऱ्यांवर जास्त लागतो. मग रोलिंग रोडवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजायचं यंत्र) एसयूच्या सुया बदलून मिश्रण जुळवलं. गाडी नऊशेला ठाम उभी राहायला लागली. आता माझं मत पूर्ण उलट आहे: कॅम हाच घ्या, पण डिस्ट्रिब्युटरचं काम त्याच बिलात धरा.

चालवायला? मॅटलॉककडून बक्स्टनला जाताना ए-६ वरचे चढ, जिथे मी तिसरा टाकायचो, तिथे ती आता चौथ्यात चढते, मागे कोणी खोळंबत नाही. मूळ ९५ अश्वशक्तीच्या जागी रोलिंग रोडवर ११५ च्या आसपासचा अंदाज आला, पण मला आकड्यापेक्षा अडीच हजार फेऱ्यांवरचा ओढा जास्त भावतो. अ‍ॅव्हरेज कमी होईल असं वाटलं होतं, उलट लांबच्या प्रवासात थोडं वाढलंय.

आता रोटर. स्नेक पास या डोंगरी घाटात, माथा जवळ आलेला, आणि किल्ली फिरवावी तसं इंजिन एकदम गप्प. मिसिंग नाही, आचके नाहीत. मागे एसयूचा पंप टिकटिकत होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतंय. फोनला रेंज नाही, वर पाऊस. शेवटी ट्रकवर चढवून गाडी घरी आली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकांनी कॅप काढली, कॉइलची मधली वायर रोटरच्या पितळेजवळ धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी रोटरवर उडाली. चांगल्या रोटरवर ती उडायला नको, कारण पलीकडे जायला वाट नसते. इथे ती रिव्हेटमधून खालचं पातळ प्लास्टिक भेदून थेट शाफ्टला, म्हणजे अर्थला जात होती. प्लगपर्यंत काही पोचतच नव्हतं. त्यांनी पुढे जे समजावलं ते सगळ्यात महत्त्वाचं: कॉम्प्रेशन वाढलं की प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढं व्होल्टेज चढलं की वीज सोपी वाट शोधते. हाच रोटर जुन्या, थकलेल्या इंजिनात कदाचित आणखी वर्षभर चालला असता. इंजिन सुधारलं म्हणून तो मेला.

तो रोटर एका नावाजलेल्या दुकानाच्या सर्व्हिस किटमधून आला होता, अगदी कोरा. मी तक्रार केली. आधी त्यांनी तो व्यावसायिक मेकॅनिकने बसवल्याचा पुरावा मागितला. तो दिल्यावर चार पौंड परत केले आणि सोबत तसाच रिव्हेटवाला दुसरा रोटर पाठवला! ट्रकचं भाडं, वाया गेलेला दिवस, याबद्दल चकार शब्द नाही. पन्नास वर्षांपूर्वीचे मूळ रोटर अजून चालताहेत आणि आजचा नवा माल हंगामभर टिकत नाही, याचा मला मनापासून संताप येतो. चार पौंडांची वस्तू विकणाऱ्याला ती कुठल्या इंजिनात जाते याची काळजी असायला हवी. मेकॅनिकांनी आता बिनरिव्हेटचा लाल रोटर बसवलाय, किंमत जेमतेम दुप्पट. कंडेन्सरही बदलला, कारण त्याचीही आजकाल हीच रड आहे. त्यानंतर गाडी एकदाही थांबलेली नाही.

पेट्रोल मी सुपरच भरतो. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) झालंय, आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी होजना खातं. होज बदलले आहेतच, पण साडेनऊ कॉम्प्रेशनला जास्त ऑक्टेन लागतंच. ऑइल २०-डब्ल्यू-५०, झिंक असलेलं.

सीसी बदलली की डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला, कळवावं लागतं, आणि विमा कंपनीला बोअरिंग, कॅम, हेड सगळंच. मेकॅनिकांनी बोअरचं माप गॅरेजच्या लेटरहेडवर लिहून सही करून दिलं. दोन्हीकडे तेवढं पुरलं. विम्याचा हप्ता किंचित वाढला, पण विम्यात धरलेली गाडीची ठरीव किंमतही नव्याने मांडून घेतली. ते पत्र मागून घ्या, आणि रोटर बदलून झाल्यावर जुना तिथल्या तिथे कचऱ्यात टाका, डिकीत सुटा पार्ट म्हणून ठेवू नका.