मोआबचे डायनासोरचे ठसे: मिल कॅन्यन की कॉपर रिज?

मुलांकडे अमेरिकेला गेलेली ठाण्याची मंडळी युटा राज्यातलं, दगडी कमानींचं आर्चेस राष्ट्रीय उद्यान पाहून येतात. पण तिथल्याच मोआब गावाजवळच्या वाळवंटात चालत जाऊन डायनासोरच्या पावलांचे ठसे पाहता येतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. एकाच ठिकाणाला वेळ असेल, तर मिल कॅन्यन आणि कॉपर रिज यांतून निवडा. दोन्ही गावाच्या उत्तरेला, महामार्गावरून कच्च्या रस्त्याने आत.

आपल्या येऊरला किंवा पारसिकला असे ठसे का नाहीत, हे नातवंडं विचारणारच. आपले डोंगर लाव्हाचे. ठसा उमटायला ओला चिखल लागतो, तो गाळाखाली गाडला जाऊन त्याचा दगड व्हावा लागतो. मोआबला तो दगड उघडा पडला आहे.

मिल कॅन्यनला सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वीचे दोनशेहून जास्त ठसे आहेत. वाट छोटी आणि सपाट. इथे दोन बोटांचे ठसे नक्की शोधा. या मांसाहारी प्राण्याच्या पायाला तीन बोटं होती, पण आतल्या बोटाची मोठी नखी तो चालताना उचलून धरायचा, म्हणून दगडात दोनच उमटली. चिखलातून पाण्यात घसरत गेलेल्या मगरीची खूणही आहे. इतके वेगवेगळे प्राणी एका जागी दिसतात, म्हणून लहान मुलं असतील तर माझं मत मिल कॅन्यनला. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनाही तेच झेपेल.

कॉपर रिजला ठसे कमी, वाट खडकाळ, थोडा चढ. पण ते जवळजवळ 15 कोटी वर्षं जुने, आणि त्यांत चाल वाचता येते. लांब मानेचा अजस्र शाकाहारी प्राणी सरळ येता येता एकदम उजवीकडे वळला, ते वळण दगडात तसंच आहे. शेजारी तीन बोटांच्या शिकारी प्राण्याची पावलं कमी-जास्त अंतरावर पडली आहेत, तो बहुधा लंगडत होता. मोठी माणसंच जाणार असाल तर मी डोळे झाकून कॉपर रिज सांगेन.

जायचं ते एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर. तिरप्या उन्हात खळग्यात सावली पडते आणि ठसा उठून दिसतो, भर दुपारी तो सापडत नाही. येऊरसारखी झाडी नाही, पाणीही नाही. कोरड्या हवेत घाम अंगावर टिकत नाही, त्यामुळे शरीरातलं पाणी कमी झालेलं कळत नाही. तहान लागायची वाट न बघता पीत राहा. ठशांवर पाय देऊ नका. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला, कच्च्या रस्त्यावरच्या चिकणमातीत गाडी रुतते.