रोजची दहा मिनिटं, वर्षानुवर्षं : जेल्किंग की केगेल?

जेल्किंगमध्ये अर्धवट ताठ लिंग अंगठा आणि तर्जनीच्या कड्यात धरून मुळापासून टोकाकडे दाबत नेतात. हलक्या हाताने रोज थोडं केलं की काही वर्षांत लांबी वाढते, असा दावा असतो. त्याला भरवशाचा पुरावा नाही. लिंग म्हणजे दंडाचा स्नायू नव्हे. आत रक्ताने भरणाऱ्या पोकळ्या आणि त्यांभोवती चिवट आवरण असतं. जोर जास्त झाला तर त्या आवरणावर व्रण धरतो आणि लिंग वाकडं होऊ शकतं. काळेनिळे डाग, बधिरपणा किंवा दुखणं दिसलं की लगेच थांबा.

केगेलने, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सैल सोडण्याच्या व्यायामाने, लांबी वाढत नाही, हे आधीच स्वीकारा. ताठरता मात्र सुधारू शकते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ताठरतेची तक्रार असलेले ५५ पुरुष होते. सहा महिन्यांनी त्यांतल्या ४० टक्क्यांची ताठरता पूर्ववत झाली.

वायू रोखताना जो स्नायू आवळतो, तोच आत-वर ओढा. ५ सेकंद धरा, ५ सेकंद पूर्ण सैल सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. इथे बहुतेकजण श्वास रोखतात, नितंब आवळतात, आणि सैल सोडणं तर विसरतातच; मग ओटीपोट दुखायला लागतं. लघवी मध्येच थांबवून रोज सराव करू नका. फरक पडायला साधारण तीन महिने लागतात आणि सोडून दिलं की स्नायू पुन्हा ढिले पडतात, म्हणून वर्षानुवर्षं करायचंच असेल तर केगेल करा. ताठरता अलीकडेच कमी झाली असेल तर आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्या.