कोल्हापुरातील एक रेडिएशन विभाग: यंत्रापेक्षा वेळापत्रकाची परीक्षा

रेडिएशनसाठी रुग्णालय निवडताना आपल्याकडे पहिला प्रश्न ‘मशीन कुठलं आहे?’ असाच विचारला जातो, आणि रुग्णालयेही आपल्या फलकांवर त्याच प्रश्नाचे उत्तर ठळक अक्षरांत लिहून ठेवतात. माझ्या आत्याच्या गालाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाल्यानंतर तिला कोल्हापुरातल्या ज्या विभागात लाइट, म्हणजेच रेडिएशन, दिली गेली, त्याचे हे परीक्षण मात्र मी वेगळ्या मापाने करणार आहे. ठरलेले उपचार ठरलेल्या दिवसांत पूर्ण झाले का, आणि ते व्हावेत म्हणून विभागाने स्वतःहून काय केले, हे ते माप आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्याने रुग्णालयाचे नाव लिहीत नाही.

हे माप माझ्या मनचे नाही. डोके आणि मान या भागातल्या कॅन्सरमध्ये रेडिएशन सुरू झाल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर, मारातून वाचलेल्या कॅन्सरपेशी अधिक वेगाने वाढू लागतात. त्यामुळे मध्ये खंड पडला तर तेवढी सवलत आजाराला मिळते. जगभरातल्या अनेक अभ्यासांचा अंदाज असा आहे की एकूण उपचारकाळ एका दिवसाने लांबला, की आजार जागच्या जागी आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे १ टक्क्याने किंवा थोडी अधिकच घटते. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांना पहिल्या वर्गात धरतात आणि त्यांचा उपचारकाळ २ दिवसांपेक्षा जास्त लांबू नये, असा दंडक आहे. याची उलट बाजूही तपासली गेली आहे. विकसनशील देशांतल्या केंद्रांमध्ये ९०८ रुग्णांवर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. आठवड्यातून ५ ऐवजी ६ वेळा रेडिएशन दिल्यावर, म्हणजे तेवढाच डोस सातऐवजी सहा आठवड्यांत बसवल्यावर, पाच वर्षांनी आजार आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागले नाही. आठवड्यात एक जादा वेळ, उदाहरणार्थ शनिवारी, काढणे पुरले. ही चाचणी शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन घेणाऱ्यांवर होती, त्यामुळे तिचे आकडे आत्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बाबतीत ऑपरेशनच्या दिवसापासून शेवटच्या लाइटपर्यंतचा सगळा काळ ११ आठवड्यांच्या आत बसावा, असे पाहिले जाते.

आता प्रत्यक्ष अनुभव. आत्या पन्हाळा तालुक्यातली, आयुष्यभर मिश्री लावणारी. तिला ३० सिटिंगमध्ये ६० ग्रे (किरणांच्या डोसचे एकक), म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, लिहून दिले होते आणि सुरुवात ऐन जुलैत होती. मास्क बनवण्याच्या दिवशी तंत्रज्ञांनी पत्ता वाचला आणि विचारले, “मावशी, पाणी आलं तर येणार कशा?” कोल्हापूरकरांना या प्रश्नाचे मोल सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचे पाणी आले होते, आणि पन्हाळा-रत्नागिरीकडचा रस्ता तर केर्लीजवळ त्याआधीच बंद होतो. जो विभाग रुग्णाच्या गावाचे नाव वाचून नदीचा विचार करतो, त्याला उपचारकाळाचे गांभीर्य कळलेले आहे, असे मी मानतो. आत्याला त्याच आठवड्यात कोल्हापुरातच, शाहूपुरीत आमच्याकडे आणून ठेवले.

मास्कविषयी थोडे लिहितो, कारण बहुतेक रुग्ण भितात ते त्यालाच. जाळीदार प्लास्टिकचा तो पांढरा ताव गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि खांद्यापर्यंत ताणून बसवतात आणि तो काही मिनिटांत त्याच आकारात घट्ट होतो. रोज तोच मास्क टेबलावरच्या फळीला खटक्यांनी अडकवला जातो, त्यावरच्या पट्टीवर काढलेल्या खुणा भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या रेषांशी जुळवल्या जातात, मग स्कॅन काढून जागा मिलिमीटरमध्ये तपासली जाते आणि त्यानंतरच लाइट दिली जाते. आतमध्ये रुग्ण एकटा असतो, मात्र कॅमेऱ्यातून सतत दिसत असतो. आत्याचा जीव पहिल्या दिवशी घुसमटला. तंत्रज्ञ बाईंनी मास्क काढून तिला बसवले, पाणी दिले, हात वर केला की लगेच आत येऊ असे सांगितले आणि मगच पुन्हा निजवले. बाहेर रांग ताटकळत होती, तरीही घाई केली नाही.

विभागातला दुसरा गुण म्हणजे पूर्वतयारी. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मग दात काढला तर जखम भरता भरत नाही, प्रसंगी हाडच सडते. म्हणून किडलेले दात आधी काढून हिरड्यांना भरून येण्यास दोनेक आठवडे द्यावे लागतात. येथे पहिल्याच भेटीत दंतवैद्याकडे चिठ्ठी दिली गेली, त्यामुळे शस्त्रक्रियेची जखम आणि हिरड्या एकाच मुदतीत भरल्या आणि ११ आठवड्यांचे गणित बिघडले नाही. दर आठवड्याला वजन पाहिले जात असे. आहारतज्ज्ञ बाईंचा भर नाचणीची आंबील, मुगाचे कढण, ताक आणि अंड्याचा पांढरा भाग यांवर होता. तिखटाला सक्त मनाई होती, जी आमच्या घरात पाळणे हीच एक शिक्षा होती. वजन फार उतरले की मास्क सैल होतो आणि सगळे नियोजन पुन्हा करावे लागते, हे त्यांनी तराजूजवळच समजावून सांगितले.

यंत्राविषयीही न्यायाने लिहायला हवे. ते काहीच महत्त्वाचे नाही, असे माझे म्हणणे नाही. किरणांची तीव्रता भागाभागानुसार बदलून लाळेच्या ग्रंथी वाचवणारे आयएमआरटी तंत्र या विभागात आहे आणि ते आत्यासाठी वापरले गेले. ब्रिटनमध्ये घशाच्या कॅन्सरच्या ९४ रुग्णांवर झालेल्या पार्स्पोर्ट चाचणीत वर्षभरानंतर तोंडाला त्रासदायक कोरड राहणाऱ्यांचे प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के, तर आयएमआरटीत ३८ टक्के होते. भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येतो की नाही, एवढा हा फरक आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने तो प्रचंड आहे. पण त्याच चाचणीत जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नव्हता. फलकावर तंत्राचे नाव लिहिणाऱ्यांनी त्याने काय साधते आणि काय साधत नाही, हेही दोन ओळींत लिहिले तर बरे होईल. नियोजन करणारे भौतिकशास्त्रज्ञ एरवी रुग्णाला भेटत नाहीत. आम्ही विनंती केल्यावर त्यांनी पडद्यावर आत्याच्या कानाखालची ग्रंथी आणि तिच्याभोवती वळसा घेणाऱ्या रंगीत रेषा दाखवल्या. शस्त्रक्रियेच्या बाजूची ग्रंथी वाचवता येणार नव्हती आणि तेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

तक्रारींची पाळी येथून सुरू होते. चौथ्या आठवड्यात यंत्र बंद पडले. यंत्र आहे, ते बंद पडणारच. सुटा भाग बाहेरगावाहून यावा लागतो हेही मान्य. परंतु ही गोष्ट रुग्णांना फोनवर कळवण्याची व्यवस्था नव्हती. गारगोटी, आजरा, निपाणीहून पहाटेची एसटी पकडून आलेली माणसे दुपारपर्यंत बाकांवर बसून राहिली आणि मग ‘उद्या या’ एवढेच सांगितले गेले. बुडालेल्या सिटिंगचे काय, असे आम्ही विचारले तेव्हा डॉक्टरांनी शनिवारी भरपाई केली. मात्र शेजारी बसलेल्या, न विचारणाऱ्या रुग्णालाही शनिवारी बोलावले गेले का, याची खात्री मला मिळाली नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या धिटाईवर सोडणे हा या विभागाचा सर्वांत मोठा दोष आहे. गेल्या वर्षी आपल्याकडच्या डोके-मानेच्या किती रुग्णांचे उपचार ठरलेल्या तारखेला संपले, असेही मी विचारले. तसा हिशेब ठेवलेला नाही, असे उत्तर आले. सोलापूर जिल्ह्यात बार्शीसारख्या ठिकाणी १९८७ पासून कॅन्सर रुग्णांची नोंदणी चालते. मग आपल्याच संगणकात असलेल्या तारखांची वजाबाकी करणे येथे अवघड का वाटावे?

स्तनाच्या कॅन्सरच्या एका रुग्णाला येथे १५ सिटिंग दिली जात होती आणि ‘माझ्या जावेला तर २५ दिली होती’ म्हणून ती चिंतेत होती. कमी सिटिंग म्हणजे निकृष्ट उपचार नव्हेत, हे तिला प्रतीक्षालयात दुसऱ्या रुग्णांकडून कळावे, हे बरोबर नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४,०९६ रुग्णांवरच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत तर ५ सिटिंगमध्ये दिलेले २६ ग्रे तीन आठवड्यांच्या उपचारापेक्षा उणे ठरले नव्हते.

खर्चाची बाजू थोडक्यात. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून झाले आणि आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातल्या प्रतिनिधीने, कागदपत्रांत चांगली मदत केली. मंजुरी येण्यास मात्र काही दिवस जातात, आणि ते दिवसही त्याच ११ आठवड्यांतून वजा होतात. म्हणून शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल हाती येताच अर्ज करावा.

आत्याचे उपचार ठरलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी संपले. या कारणासाठी मी या विभागाला पाचपैकी चार गुण देतो; एक गुण फोनचा आणि हिशेबाचा कापला आहे. निरोपाच्या कागदावर पुढच्या तपासणीची तारीख आणि गुळण्यांचे औषध एवढेच लिहिले होते. मानेला रेडिएशन झालेल्यांची थायरॉईडची रक्ततपासणी दर ६ ते १२ महिन्यांनी करावी लागते आणि यापुढे कोणताही दात काढण्याआधी दंतवैद्याला रेडिएशनची माहिती द्यावी लागते, या दोन गोष्टी डॉक्टरांनी तोंडी सांगितल्या. त्या आम्ही फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून त्याखाली त्यांची सही घेतली.