ठसा, शाई आणि टाका: एरंडवण्यातील एका कार्यशाळेविषयी

कापडावर छपाई, शाईचे प्रयोग आणि त्यावर हाताचे भरतकाम, असा तिहेरी अभ्यासक्रम शनिवार-रविवारच्या सुट्टीत बसवणाऱ्या कार्यशाळा पुण्यात आता बऱ्याच ठिकाणी भरतात. एरंडवण्यातील एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर भरणाऱ्या अशाच एका कार्यशाळेला मी नुकतीच हजेरी लावली. छपाई आणि शाई या दोन विषयांत येथे जे शिकवले जाते ते उत्तम आहे. भरतकामाकडे मात्र शेवटी उरलेल्या वेळात उरकण्याचा सजावटीचा भाग म्हणून पाहिले जाते, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

सुरुवात रंगाने न होता कापड धुण्याने होते, ही गोष्ट मला फार आवडली. दुकानातून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, कापसाचा नैसर्गिक मेणचटपणाही असतो, आणि तो गेल्याशिवाय कोणतीही शाई धाग्यात नीट शिरत नाही. शिकवणाऱ्या ताईंनी न धुतलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो मोत्यासारखा तसाच बसून राहिला. धुण्याचा सोडा घालून उकळलेल्या तुकड्यावर थेंब पडताच पसरला आणि नाहीसा झाला. एवढ्या चाचणीने कापड तयार आहे की नाही हे कोणालाही घरी ठरवता येते.

शायांपैकी बाजारात सहज मिळणारे तयार फॅब्रिक रंग आम्ही आधी वापरले. हे रंग धाग्यात मुरत नाहीत. रंगाचे कण बाइंडरच्या, म्हणजे रंग चिकटवून धरणाऱ्या द्रव्याच्या, पातळ पापुद्र्याने कापडाच्या पृष्ठभागावर धरून ठेवलेले असतात, आणि तो पापुद्रा पक्का व्हायला उष्णता लागते. कारखान्यात त्यासाठी साधारण १५० अंश सेल्सिअस तापमान काही मिनिटे देतात, घरी उलट बाजूने कोरडी इस्त्री फिरवावी लागते. येथवर सगळे पुस्तकात सापडेल. पण रंगाचा थर जाड दिला तर पुढे सुई अडते, पापुद्र्याला पडलेले भोक बुजत नाही आणि उसवलेला टाका कायमचा दिसत राहतो, हे ताईंनी प्रत्यक्ष दाखवले. म्हणून ज्या जागी भरायचे आहे तिथे रंग स्पंजने पुसटसा लावून ठसा उठवावा, हा त्यांचा सल्ला मोलाचा आहे.

हिरडा आणि हिराकस (लोहाचा एक क्षार) यांच्या काळ्या शाईचे सत्र मात्र एकट्याने शुल्क वसूल करणारे होते, आणि हे शुल्क काही कमी नाही. हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेले कापड फिकट पिवळसर दिसते. हिराकशीच्या पाण्यात डिंक घालून दाटपणा आणायचा, त्यात लाकडी ठसा टेकवायचा आणि कापडावर मुठीने दाबायचा. ठसा उचलल्यावर आधी करडी दिसणारी वेल हवा लागेल तशी डोळ्यांदेखत काळी होत जाते, कारण हिरड्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोह यांच्या संयोगाला हवेतील ऑक्सिजनने पूर्ण रंग चढतो. पारंपरिक छिपे, म्हणजे कापड छापणारे कारागीर, गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवून हाच काळा रंग मिळवतात. लोह सुती धाग्याला हळूहळू कमजोर करते, आणि जुन्या छापील कापडांत काळ्या रेषाच आधी विरलेल्या दिसतात त्या याच कारणाने. तेव्हा हिराकस बेताने वापरावी आणि काळ्या रेषेवर दाट भरतकाम करून तिला आणखी भोके पाडू नयेत, एवढा निष्कर्ष येथून निघायला हवा होता. ताईंनी पहिली गोष्ट सांगितली, दुसरी सांगितलीच नाही.

उन्हाची निळी छपाई, म्हणजे सायनोटाइप, हे सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेले तंत्र. लोहाच्या दोन क्षारांचे मिश्रण अंधारात कापडाला लावून वाळवायचे, वर पाने मांडून उन्हात ठेवायचे आणि मग साध्या पाण्यात खळबळायचे. अंगणात गुलमोहर असल्याने त्याच्या पानांवर साहजिकच सगळ्यांची उडी पडली. बारीक पर्णिका वाऱ्याने हलून निम्म्या छापांच्या कडा धूसर झाल्या, आणि काच दाबून ठेवणाऱ्यांचे छाप रेखीव आले. हा निळा रंग धुण्याच्या सोड्याने किंवा सोडायुक्त पावडरीने उडतो व पिवळट डाग उरतो. त्यामुळे असे कापड रिठ्याच्या पाण्यात धुवावे, ही सूचना फळ्यावर ठळक लिहिलेली होती. रसायनांची भांडी स्वयंपाकघरापासून वेगळी ठेवण्याविषयीही बजावले गेले.

एवढ्या तयारीनंतर भरतकामाला जे हाती लागले ते छापलेल्या रेषेवरून उलटी टीप घालणे. छापाने जे आधीच सांगितले आहे तेच दोऱ्याने पुन्हा गिरवण्यात काय मिळते, हे मला कळले नाही. छाप सपाट असतो, दोऱ्याला उठाव आणि चमक असते. जिथे ठसा पुसट उमटला तिथे गाठीच्या टाक्यांनी दाटी करावी, किंवा मोकळ्या जागेत धावदोऱ्याच्या ओळी घालून कापडाला हलकी सुरकुती आणावी, असे काही सुचवता आले असते. आमच्याबरोबरच्या एका काकूंनी असाच वेगळा विचार केला. सहापदरी दोऱ्यातले दोनच पदर घेऊन त्यांनी निळ्या पानाच्या फक्त देठाला दांडी टाका घातला, बाकी पान तसेच सोडले, आणि सगळ्या टेबलावर तेच काम उठून दिसले. कोणीतरी विचारल्यावर, ‘अगं, पान उन्हाने काढलंय ना, मग त्यात मी कशाला ढवळाढवळ करू?’ एवढेच त्या म्हणाल्या.

आधी छपाई की आधी भरतकाम, या प्रश्नावर एखादे सत्र असायला हवे होते. सुती आणि पॉलिस्टर दोऱ्याने आधी टाके घालून मग त्यावर सायनोटाइप केले तर सुती दोरा निळा होतो आणि पॉलिस्टरच्या दोऱ्यावर रंग फारसा टिकत नाही, एवढा सोपा प्रयोगही दोन्ही विषय जोडून गेला असता. भरलेल्या कापडावर ठसा मारला तर उंच टाके रंग घेतात व त्यांच्या बाजूची खोलगट जागा कोरी राहते, हेही पाहण्यासारखे असते.

किरकोळ तक्रारींत पहिली दोऱ्यांची. संचातील लाल दोरा कच्च्या रंगाचा निघाला आणि माझ्या पांढऱ्या पट्टीवर उतरला. ओल्या पांढऱ्या कापडात दोरा दाबून पाहण्याची चाचणी आयोजकांनी आधीच करायला हवी होती. लाकडी रिंगला कापडी पट्टी गुंडाळलेली नसल्याने ताज्या छापावर तिचा वळ उठतो. माहितीपत्रकात हिरड्याचे प्रमाण आहे, हिराकशीचे नाही. पार्किंगबद्दल बोलण्यात अर्थ नाही, रिक्षाने जावे.

शेवटी विकायला ठेवलेला साहित्याचा संच घेण्याची गरज नाही. दोरे, सुया आणि रिंगा तुळशीबागेत व रविवार पेठेत स्वतः पारखून घेता येतात, हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. ठसे मात्र त्यांच्याकडचेच घ्यावेत. सागवानी आहेत, कोरीव काम खोल आहे आणि मुठीला नीट बसतात. ज्यांना भरतकाम मुळीच येत नाही त्यांनी टाके आधी घरी किंवा दुसरीकडे शिकून यावेत, आणि नोंदणी करतानाच भरतकामाचे सत्र सकाळी ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण संध्याकाळी त्या खोलीतल्या एकुलत्या ट्यूबलाइटखाली बारीक सुईत दोरा ओवणेसुद्धा अवघड जाते.