पद्मिनी उचलायची कशी? चार खांबी, दोन खांबी, सीझर की नुसता खड्डा

“चार टनाची घ्या, बिनघोर राहा.” गाडी उचलायची लिफ्ट विकणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच बोलतो. माझी १९७८ ची पद्मिनी भरते नऊशे किलोच्या आसपास. मित्राची अँबेसिडर साडेअकराशेच्या घरात. उद्या कुणी साठच्या दशकातली इम्पाला आणून दारात उभी केली तरी तीही दोन टनांच्या आतच. तेव्हा वजनाचा विषय डोक्यातून काढून टाका, बाजारातली साधी लिफ्टही ते पेलते. जुन्या गाडीचा प्रश्न वेगळा असतो. तिला धरायचं कुठं?

चार खांबी लिफ्टवर गाडी आपल्या चाकांवरच उभी राहते आणि चाकांखालच्या लोखंडी पट्ट्यांसकट वर जाते. दोन खांबीचे चार हात आत शिरून चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, नाहीतर दाराखालच्या पत्र्याला धरतात. सीझर पोटाखालून उचलते. खड्ड्यात गाडी जाग्यावरच राहते, खाली उतरतो तो माणूस. एवढा फरक नीट कळला की अर्धा निर्णय झालाच म्हणायचा.

मला तो उशिरा कळला. चार वर्षांपूर्वी सायलेन्सर बदलायला गाडी एका गॅरेजात दिली होती. पोरानं सवयीनं दोन खांबीचे हात दाराखाली सारले आणि बटण दाबलं. टक, टक, टक असे गाडी खाली घसरू न देणारे लॉक वाजत गाडी वर निघाली. चाकं जमिनीपासून वीतभर सुटली असतील नसतील, तोच डाव्या बाजूनं पापड मोडल्यासारखा आवाज आला. गाडी पडली नाही, पण दाराखालचा पत्रा इंचभर आत गेला, फरशीवर गंजाचा चहापावडरीसारखा ढीग पडला आणि डावं दार लागायचं बंद झालं. पोराला काय बोलणार? आधीच्या मालकाच्या डेंटरनं सडलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, थापून वर काळा रंग मारला होता. बघणाऱ्याला सगळं ठणठणीत वाटत होतं.

म्हणून लिफ्टची कोटेशनं मागवायच्या आधी आपल्या गाडीखाली आडवे व्हा. दाराखालच्या पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं पत्रा नाही, लांबी आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर आत काही उरलेलं नाही. पद्मिनी आणि अँबेसिडर या दोन्ही गाड्यांना वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच. जुनी विलिस किंवा महिंद्रा जीप असेल तर शिडीसारखी जाडजूड चेसिस खाली असते, तिला कुठंही धरा. स्टँडर्ड हेराल्डलाही वेगळी चेसिस आहे, पण तिचा कणा मधोमध आणि कडेला नुसते आधाराचे हात, तेव्हा तिथं बघून धरावं लागतं. १९६४ पर्यंतच्या इम्पालाची चेसिस तर इंग्रजी एक्ससारखी. गाडीच्या कमरेपाशी कडेला धरायला काहीच नाही, दोन खांबीचे हात तिथं आधार शोधत बसतात. १९६५ पासून चेसिस कडेनं फिरवली आणि ती अडचण गेली.

आता एकेक बघू. सुरुवात दोन खांबीपासून, कारण सगळे आधी तीच विचारतात. स्वस्त, जागा कमी, आणि काम करायला हिच्यासारखी दुसरी नाही. चारी चाकं मोकळी लोंबतात. ब्रेक, हब, पाटे, शॉकअप, जे उघडायचं ते उघडा. गिअरबॉक्स उतरवायला मध्ये काही आडवं येत नाही. माझ्या मित्राचं इथं कोल्हापुरात, उद्यमनगरात गॅरेज आहे, रोज दोन-तीन गाड्या चढतात-उतरतात, त्याला दुसरी लिफ्ट सुचवणं मूर्खपणाच होईल.

पण घरी, एका गाडीसाठी? इथं माझी गाडी अडते. पहिली गोष्ट फरशीची. दोन खांबी लिफ्टचा सगळा तोल खांबाच्या बुडाशी असलेल्या अँकर बोल्टांवर. बोल्ट ज्या काँक्रीटमध्ये बसतात ते कमीत कमी चार इंच जाड आणि एम-२० या ताकदीच्या दर्जाचं पाहिजे, कित्येक कंपन्या सहा इंच सांगतात. आपल्याकडं पोर्चमध्ये काय असतं? मुरूम, त्यावर दगड, त्यावर पातळ कोबा आणि वर शहाबादी नाहीतर पेव्हिंग ब्लॉक. यात बोल्ट मारणं म्हणजे खव्यात खिळा ठोकणं. फरशी काढून खांबांखाली आरसीसी ओतून घ्यावं लागतं आणि काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस द्यावे लागतात. “आठ दिवसांत बसवून देतो” म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. नदीकडच्या काळ्या मातीच्या भागात घर असेल तर जास्तच सांभाळा. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा कोबा आपल्याबरोबर हलवते.

दुसरी गोष्ट तोलाची. इंजिन काढलं की पुढचं वजन जातं आणि गाडी मागं कलंडू बघते. गॅरेजवाल्याला हे अंगवळणी पडलेलं असतं, तो मागं उंच स्टँड लावतो. घरी एकट्यानं काम करणाऱ्या हौशी माणसाच्या हे ऐन वेळी ध्यानात राहत नाही. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: गाडी महिनोन्महिने दोन खांबीवर लटकवून ठेवायची नाही. चाकं खाली लोंबत राहिली की रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत बसतात, शॉकअप पूर्ण ताणलेले राहतात. जुन्या गाडीचे बुश आधीच कडक झालेले, त्यांना ही शिक्षा कशाला?

तरीही दोन खांबीच घ्यायची असेल तर हात किती आखूड होतात आणि किती लांब जातात हे मोजूनच घ्या. मोठ्या एसयूव्ही डोळ्यांपुढं ठेवून केलेल्या लिफ्टचे हात पद्मिनीसारख्या छोट्या, अरुंद गाडीखाली नीट जुळत नाहीत. खांबांना वरून जोडणारी कमान असेल तर उंची साधारण बारा फूट लागते. बिनकमानीच्या प्रकारात खांब ठेंगणे, पण जमिनीवर मधे लोखंडी पट्टीचा उंचवटा येतो. ढकलून आत घ्यायची, बंद पडलेली गाडी असेल तर तो उंचवटा रडवतो. एवढं निभावलं तर रबरी पॅड आणि सागवानी ठोकळे आपले वेगळे करून घ्या.

चार खांबीचं गणित उलटं. गाडी चालवत पट्ट्यांवर न्यायची, चाकांना अडसर लावायचे, बटण दाबायचं. पत्रा सडका असो की नवा, लिफ्टचं त्याच्याशी देणंघेणं नाही. पाटे आणि अँबेसिडरच्या पुढच्या टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणाऱ्या, पीळ खाणाऱ्या सळ्या) जशा रस्त्यावर दबलेल्या असतात तशाच राहतात. वर्षभर ठेवा. खांब बोल्टनं आवळावेच लागतील असंही प्रत्येक मॉडेलला नसतं, भार चार ठिकाणी वाटला जातो, त्यामुळं फरशीची कटकट बरीच कमी. ऑइल बदलणं, ग्रीसिंग, सायलेन्सर, गिअरबॉक्स, खालचा पत्रा घासून रंगवणं, सगळं आरामात.

अडचण आहे ती चाकांची. गाडी चाकांवरच उभी, मग चाक काढायचं कसं? त्यासाठी दोन पट्ट्यांच्या मधे सरकणारा जॅक वेगळा घ्यावा लागतो. जागाही लागते. रुंदीला नऊ-दहा फूट आणि लांबीला उतरणीसकट गाडीपेक्षा बरीच जास्त. आणि पट्ट्यांमधलं अंतर बघा! पद्मिनीची चाकं एकमेकांपासून जेमतेम चार फुटांवर. पट्ट्या रुंद गाड्यांसाठी लांब-लांब बसवलेल्या असतील तर टायर आतल्या कडेवर येतो. दुकानात जाताना आपल्या गाडीच्या दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर टेपनं मोजून खिशात ठेवा.

बरेच जण चार खांबी घेतात ते खाली एक आणि वर एक गाडी लावायला. कल्पना भारी आहे, पण स्लॅब मोजलाय का? अँबेसिडर सव्वापाच फूट उंच, पद्मिनी पावणेपाचाच्या जरा वर. दोघींचे मिळून दहा फूट झाले. त्यात पट्टीची जाडी आणि हाताएवढी मोकळीक धरा, पावणेअकरा-अकरा फूट पाहिजेत. आपल्या घरांचा स्लॅब दहा फुटांचा. म्हणजे बंगल्याखालच्या पार्किंगमध्ये हा बेत बसत नाही, मागच्या अंगणात पत्र्याची उंच शेड करायची तयारी पाहिजे. अपार्टमेंटवाल्यांनी तर हा परिच्छेद सोडूनच द्यावा. दोन गाड्या ठेवल्याच तर पट्ट्यांमधे ट्रे लावायला विसरू नका. जुनी गाडी तेल गाळते, आणि ती बरोबर खालच्या गाडीच्या बॉनेटवर गाळते.

सीझर लिफ्टबद्दल थोडक्यात. कमरेएवढी उचलणारी छोटी सीझर घरच्या गॅरेजला सोयीची वाटते, काम झालं की ढकलून कोपऱ्यात लावता येते. चाकं, ब्रेक, डेंटिंग-पेंटिंग यांना उत्तम. पण लिफ्टची कात्रीच गाडीच्या पोटाखाली असते, त्यामुळं गिअरबॉक्स आणि सायलेन्सरला हात पुरत नाही. धरते तीही दाराखालच्या पत्र्यालाच, म्हणजे चुंबकाची परीक्षा इथंही चुकत नाही. पूर्ण उंचीची, जमिनीत सपाट बसणारी सीझर दिसायला देखणी, पण तिच्यासाठी फरशीत खाच करावी लागते आणि आपल्या पावसात त्या खाचेत पाणी साठतं. कोल्हापुरात मी ती घेणार नाही.

खड्ड्याचंही तेच, किंबहुना जास्त. स्वस्त आहे, जुन्या मिस्त्रींना त्याची सवय आहे, वीज लागत नाही. पण जुलै-ऑगस्टात जमिनीतून पाझर फुटतो आणि खड्ड्याची विहीर होते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. कार्बोरेटरमधून, जुन्या पाइपमधून गळलेलं पेट्रोल वाफ होऊन खड्ड्यात जाऊन बसतं आणि बराच वेळ निघत नाही. त्यात उघड्या बल्बचा दिवा घेऊन उतरणारे मी स्वतः पाहिलेत. आधीच खड्डा असेल तर वापरा, हवा खेळती ठेवा, दिवा बारा व्होल्टचा आणि बंदिस्त घ्या. नव्यानं मात्र खणू नका.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर पुराचंही बोलू. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ च्याही वर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. ज्यांची घरं पाण्याच्या टापूत आहेत ते विचारतात, लिफ्टवर गाडी वाचेल का? चार खांबी गाडीला साधारण सहा फूट वर नेते, तेव्हा दारात छातीएवढं पाणी आलं तर वाचेल. पण लिफ्टची मोटर खांबावर छातीच्याच उंचीला असते, ती बुडणार. गाडी लॉकवर बसली की भार लोखंडावर जातो, मग मोटर सोडवून माडीवर नेता येते. बसवणाऱ्या माणसाकडून ते आधीच शिकून घ्या. हे सगळं वीज तोडायच्या आत करायचं. आणि गाडी चालू असेल तर खरं शहाणपण एकच, आदल्या दिवशी तिला पाहुण्यांकडं उंचावर नेऊन लावा.

विजेचं आणखी एक, जे विकणारे स्वतःहून सांगत नाहीत. हायड्रॉलिक लिफ्ट उतरवायला वीज लागत नाही असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. लॉकवर टेकलेली गाडी खाली घ्यायची तर आधी दोन बोटं वर उचलून लॉक सोडवावे लागतात, आणि उचलायला मोटर पाहिजे. वळवाच्या पहिल्या सरीला लाइट गेली आणि मित्राच्या गॅरेजात एका गिऱ्हाइकाची गाडी रात्रभर पाच फुटांवर राहिली. गिऱ्हाईक रिक्षानं घरी गेलं. हातपंपाची सोय आहे का, हे विचारूनच घ्या. घरी थ्री फेज नसेल तर सिंगल फेजची मोटर मागा.

“उद्यमनगर उशाला असताना बाहेरनं कशाला घेतोस? अर्ध्या पैशात बनवून देतो,” असं मला तिघांनी सांगितलं. आपल्या लोकांचा हात मी जाणतो. दसरा चौकात शाही दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक ही जुनी मोटार दिमाखात येते ती बघायला मी जातोच, आणि जुन्या गाड्यांचे न मिळणारे पार्ट इथल्या लेथवर झालेलेही पाहिलेत. तरी खांब, लॉक, वायर रोप आणि सिलिंडर मी बनवून घेणार नाही. खाली मी स्वतः उभा राहणार आहे, आणि भाराची चाचणी झाल्याचा कागद त्या लोखंडाला नसतो. ट्रे, ठोकळे, अडसर, उतरणी मात्र उद्यमनगरातूनच करून घेतले, विकत मिळतात त्यापेक्षा सरस झाले.

तर धंदा असेल, फरशी पक्की असेल आणि गाड्या बदलत्या असतील तर दोन खांबी. एक-दोन जुन्या गाड्या, त्याही बराच काळ उभ्या राहणाऱ्या, आणि पत्र्याची खात्री नाही, तर चार खांबी. नुसतं ब्रेक आणि रंगकाम घरी करायचं असेल तर छोटी सीझर पुरते.

मी चार खांबी घेतली. शेडचा पत्रा दोन फूट चढवला, पैसे हाताबाहेर चालले म्हणून मधला सरकता जॅक “नंतर बघू” म्हणून सोडला. आता पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गुरगुरतंय, आणि एवढी लिफ्ट दारात असताना मी गाडी खाली जमिनीवर घेऊन जुन्या ट्रॉली जॅकवर चढवतोय. जॅकची ऑर्डर काल दिली. त्याचं वाहतूकभाडं वेगळं पडलं, लिफ्टबरोबर मागवला असता तर त्याच ट्रकनं आला असता.